घरचा आवाज

त्या प्रदर्शनात बोलत नाही असं काही उरलंच नव्हतं. फ्रीज बोलत होता, आरसा बोलत होता, दात घासायचा ब्रशही "मागच्या दाढा राहिल्या" म्हणून टोकत होता. कपड्यांच्या घड्या घालणारं एक यंत्र तर "आता मी बाही दुमडत आहे" असं स्वतःच्याच कामाचं कौतुक सांगत बसलं होतं. त्या एका बाहीला त्यानं जेवढा वेळ लावला, तेवढ्यात वहिनींनी घरातलं सगळं धुणं आवरून वर निवांत चहा घेतला असता. आणि या एवढ्या गलबल्यात, बोलण्यावरच ज्याचा जन्म गेला तो माणूस मात्र त्यांच्या शेजारून मुकाट्यानं चालला होता. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

तो माणूस म्हणजे वहिनींचा नवरा, या प्रदर्शन केंद्राचा जुना निवेदक. केंद्रातले झाडून सगळे त्याच्या बायकोला वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. वरच्या मजल्यावर काचेची एक खोली आहे, तिथे बसून निवेदकांनी अख्खी नोकरी काढली. कुणाचं मूल हरवलं, कुणाची गाडी आडवी लागली, कुठल्या दालनात काय सुरू होतंय, सगळं त्यांच्या तोंडून. भिंतीवर टांगायचा टीव्ही पहिल्यांदा आला तेव्हा लोकांना तो बघायला यांनीच बोलावलं. उडता कॅमेरा आला आणि सुटून छताला जाऊन अडकला, तेव्हा "कृपया कुणीही वर पाहत चालू नये" हेही यांनीच सांगितलं. आवाज असा खणखणीत आणि शब्द असे सुटे सुटे, की शेवटच्या दालनातल्या माणसालाही वाटावं, हा माझ्याच कानाशी बोलतोय. केंद्रातली मंडळी लाडानं त्यांना 'भोंगा' म्हणायची.

मग घशात गाठ निघाली. गाठ काढताना स्वरयंत्रही काढावं लागलं. जीव वाचला, आणि वहिनींनी त्यापुढे कधी कशाचीच तक्रार केली नाही. पण घरात शांतता पसरली ती पसरलीच. निवेदक जवळ एक पाटी ठेवायचे, तीवर 'औषध', 'दार', 'पाणी' एवढंच लिहायचे आणि पुसायचे. पुढे पुढे तेही बंद झालं. खिडकीकडे तोंड करून बसायचे. दुकानदार त्यांच्याशी मोठ्यानं, एकेक अक्षर ताणून बोलायला लागला, जणू यांचा गळा नाही, कानच गेलेत. ओळखीचे लोक समोर दिसले की रस्ता ओलांडायचे. दुष्टपणानं नव्हे हो, काय बोलावं ते कळत नाही म्हणून. वहिनींना हे सगळं दिसत होतं आणि आतल्या आत पिळवटत होतं.

अशात एक कंपनी आली. आवाज गेलेल्या माणसाला त्याचाच आवाज परत द्यायचा, असं यंत्र त्यांनी बनवलं होतं. हातात एक छोटी पाटी, गळ्यात एक पट्टा. पाटीवर टाइप करायचं की पट्ट्यातून आपलाच आवाज बोलतो. त्यासाठी त्या माणसाचं जुनं बोलणं लागतं, ते ऐकून यंत्र शिकतं. एरवी बिचाऱ्यांना कुणाच्या वाढदिवसाच्या चित्रफितीतून, कुणाच्या फोनवरच्या निरोपातून चार वाक्यं वेचावी लागत. इथे तर घबाडच. काचेच्या खोलीतलं बोलणं केंद्रानं वर्षानुवर्षं साठवून ठेवलेलं होतं. कंपनीचा साहेब हरखूनच गेला. यंत्र तयार झालं, यंदाच्या प्रदर्शनात मुख्य मंचावर ते दाखवायचं ठरलं, आणि केंद्राच्या व्यवस्थापकानं शब्द दिला की प्रयोग साधला तर निवेदकांनी पुन्हा काचेच्या खोलीत बसावं.

यंत्र घरी आणलं त्या दिवशीची गोष्ट. वहिनींनी चहा दिला. निवेदकांनी एक घोट घेतला, दोन बोटांनी टकटक टाइप केलं, आणि गळ्यातून त्यांचा तो खणखणीत आवाज घुमला.

"कृपया लक्ष द्या. चहामध्ये साखर कमी आहे. पुन्हा एकदा सांगतो. चहामध्ये साखर कमी आहे."

वहिनी हसून हसून मटकन खालीच बसल्या. निवेदकही खांदे हलवत, आवाज न करता हसले. कित्येक दिवसांनी त्या घरात कुणी हसत होतं. मग वहिनींना एकदम रडू आलं आणि त्या साखर आणायच्या निमित्तानं आत गेल्या.

लेकीनं फोनवर ऐकलं तर तिला हुंदकाच फुटला.

"आई, अगदी बाबा गं. हुबेहूब."

"तुझे बाबा तुझ्याशी असे बोलायचे?"

"तुला ना आई, कशाचंच कौतुक नाही. बोलताहेत ते, हे काय थोडं झालं?"

वाद घालणं वहिनींच्या स्वभावातच होतं, पण लेकीचं खोटं नव्हतं. आवाज त्यांचाच होता. फक्त तो कधी या घरात राहिला नव्हता.

कारण असं, की दिवसभर भोंगा वाजवून निवेदक घरी यायचे ते सगळं बोलणं खर्चून. घरी त्यांच्या तोंडून निघायचं ते "हं". नाहीतर "बघू". नाहीतर "अगं, ते हे कुठंय?" आता 'ते हे' म्हणजे चष्मा, की किल्ली, की नखं कापायचं, हे वहिनींनी ओळखायचं. आणि त्या ओळखायच्या. अर्धे शब्द मिशीत, अर्धे चहात. बाहेरच्या माणसाला ओ की ठो कळलं नसतं. वहिनी चिडून म्हणायच्या, "अहो, तोंडात काय बोळा कोंबलाय? जगाशी एवढं स्पष्ट बोलता, माझ्याशीच काय धाड भरते?" सगळा संसार त्यांनी त्या पुटपुटण्यावर तोंडसुख घेण्यात घालवला. आणि आता त्याच पुटपुटण्यासाठी त्यांचा जीव तुटत होता.

यंत्र आल्यापासून घरात कुणी मोठा पाहुणा उतरल्यासारखं झालं. "दिवा मालवण्यात यावा." "दरवाजात कुणी आले आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी." पाटी समोर आली की निवेदकांना ती माइकसारखीच वाटत असावी, ते लिहायचेही तसंच. वहिनी नकळत सावरून बसायला लागल्या. साधी कुरकुर करायची सोय राहिली नाही. भोंग्याशी कुणी भांडतं का?

पण नवऱ्यात झालेला बदल त्यांना दिसत नव्हता असं नाही. निवेदक पुन्हा नीट भांग पाडायला लागले. दुकानात गेले, दुकानदारानं सवयीप्रमाणे अक्षरं ताणली, तेव्हा यांनी टाइप केलं, "ग्राहक बहिरा नाही," आणि ते वाक्य असं काही घुमलं की दुकानदाराच्या हातातली बरणी पडता पडता राहिली. त्या दिवशी ते ताठ मानेनं घरी आले. बाहेरच्या जगानं त्यांना पुन्हा माणसात घेतलं होतं. हे बघूनच वहिनींनी मनाशी पक्कं केलं. मंचावर एकच प्रश्न विचारणार होते: हा यांचाच आवाज का? आपण म्हणायचं, हो. एक शब्द तर आहे. तो म्हटला की आवाज कायमचा पक्का होणार, यांना खोली मिळणार, आणि आपलं काय, आपल्याला सवय होईल. माणसाला कशाचीही सवय होते.

असं ठरवून त्या आल्या होत्या.

मुख्य मंचावर कंपनीनं दिवाणखान्याचा देखावा उभा केला होता, सोफा, दिवा, खोटी खिडकी. आणि मागे पडद्याआड एक चिंचोळी खोली. तिथे कंपनीची आवाजवाली मुलगी आपल्या संगणकापुढे बसली होती. यंत्राला निवेदकांचं बोलणं शिकवलं ते हिनं. पोरगी गुणी होती, कामात बुडून जाणारी, आणि वहिनींना काकू म्हणायची. निवेदकांना पट्टा बसवायला आणि चेहऱ्याला पावडर लावायला नेलं, तेव्हा वहिनी तिच्यापाशी टेकल्या.

"काकू, घाबरलात का?"

"मी कशाला घाबरू? मला एकच शब्द आहे. ते एवढं हिरवं-लाल काय गं?"

संगणकाच्या पडद्यावर लांबच लांब पट्टी होती, मधे मधे हिरवे तुकडे आणि बाकी सगळी लाल.

"हे काकांचं रेकॉर्डिंग. खोलीतला माइक दिवसभर सुरूच असायचा ना, बटण दाबलं की तेवढंच बाहेर जायचं. हिरवं म्हणजे निवेदनं, ती यंत्राला शिकवली. लाल म्हणजे कचरा."

"कसला कचरा?"

"अहो, खोकणं, खुर्ची, चमच्याची किणकिण. फोनवरचं बोलणं. सगळं अर्धवट, तोंडातल्या तोंडात. ते काढता काढता माझ्या नाकी नऊ आले. पण बघा ना, आवाज कसा लखलखीत झाला."

वहिनींनी खुर्ची पुढे ओढली.

"तो कचरा जरा लाव बघू."

मुलीनं एका लाल तुकड्यावर बोट ठेवलं. आधी कपबशीचा आवाज आला. मग कुणीतरी घसा खाकरला. आणि मग:

"हं… मी… हो, जेवलो… नाही गं, थोडंच… ते हे आलं का?… बरं… बरं… बघू… ठेव."

वहिनींनी दोन्ही हात कानांवर दाबले, आवाज बाहेर सांडू नये म्हणून. निवेदक रोज दुपारी काचेच्या खोलीतून घरी फोन करायचे. रोज. आणि त्या रोज म्हणायच्या, तुम्हाला काही काम नाही का? 'ते हे' म्हणजे गॅसवाला. तेव्हा त्याची वाट बघत होते दोघं.

"अजून लाव."

"अगं… नाही, काही नाही… असंच केला… पाऊस दिसतोय इथून… हं… हं… बरं, ठेवतो."

एवढंच. त्यात ऐकण्यासारखं काय होतं सांगा? आणि वहिनी ऐकता ऐकता मधल्या रिकाम्या जागेत ओठ हलवत होत्या, आपलं बोलणं भरत होत्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या त्याची त्यांना शुद्ध नव्हती. त्यांना आपला नवरा सापडला होता, आणि तो या पोरीनं लाल रंग लावून बाजूला काढून ठेवला होता.

मुलगी हळूच म्हणाली, "काकू, मला खरंच वाटलं मी चांगलं करून देतेय. स्वच्छ."

"तुझं कुठं काय चुकलं गं? जन्मभर मीही तेच सांगत होते त्यांना, नीट बोला म्हणून."

नेमके तेव्हाच साहेब आणि निवेदक आत आले. पुढचा तुकडा सुरू झालेला होता: "हं… अगं, ते हे…" निवेदक दारातच थबकले. साहेबाला आधी कळेना हा कुणाचा आवाज. कळल्यावर तो हसला.

वहिनींनी डोळे पुसले आणि सरळ विचारलं, "साहेब, यंत्राला हा आवाज शिकवता येईल का?"

साहेब काही वाईट माणूस नव्हता. तो समोर बसला आणि समजावून सांगायला लागला. एका यंत्रात एकच आवाज राहतो. आज समोर दवाखान्यांतले, वृद्धाश्रमांतले लोक बसणार, त्यांना यंत्राचा शब्द न् शब्द कळायला हवा. उद्या यांना रात्री बरं वाटेनासं झालं आणि यंत्र फोनवर असं पुटपुटलं, तर डॉक्टरला काय कळणार? आणि आज मंचावर जो आवाज मान्य होईल तो पक्का होऊन कारखान्यात जाईल, मग त्याला हात लावता येत नाही. त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, हीच तर पंचाईत होती.

निवेदकांचा चेहरा मात्र लालबुंद झाला होता. बाहेर ज्याचं बोलणं एवढं टापटिपीचं, त्याला चारचौघांत बनियनवर उभं केलं तर कसं होईल, तसं त्यांचं झालं होतं. त्यांनी घाईघाईनं टाइप केलं.

"हे ध्वनिमुद्रण त्वरित बंद करण्यात यावे. हा माझा आवाज नव्हे."

मुलीनं बंद केलं. भांडायचं म्हटलं तर वहिनींना आत्ता भांडता आलं असतं. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावरची ती लाज त्यांना बघवेना.

"बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "राहू दे. मी आपलं सहज विचारलं. हाच छान आहे."

असं म्हणत त्या उठल्या आणि निवेदकांची कॉलर नीट करायला लागल्या. कॉलर चांगली सरळ होती. निवेदक त्यांच्या ओल्या गालाकडे बघत होते, पण वहिनींनी मान वर केली नाही.

मंचापुढे गर्दी मावत नव्हती. पुढच्या रांगेत ते दवाखान्यांतले, वृद्धाश्रमांतले लोक गंभीर तोंडं करून बसले होते. मागे केंद्रातली जुनी मंडळी दाटली होती, पहारेकरी, उपाहारगृहातल्या बायका, विजेची कामं करणारे. भोंगा पुन्हा वाजणार म्हणून हातातली कामं टाकून आली होती बिचारी. सूत्रसंचालन करणारी बाई चटपटीत होती. तिनं निवेदकांची ओळख करून दिली आणि त्यांना बोलायची विनंती केली.

निवेदकांनी पाटीवर बोटं ठेवली.

"कृपया लक्ष द्या. या केंद्राचा जुना निवेदक आपल्या सर्वांचे स्वागत करत आहे."

आवाज मोठ्या भोंग्यांना जोडलेला होता. पार शेवटच्या दालनापर्यंत गेला. जो तो आपल्या जागी उभा राहिला. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की घड्या घालणाऱ्या यंत्राचं बोलणंही कुणाला ऐकू आलं नसेल. उपाहारगृहातली एक बाई ॲप्रननं डोळे पुसत होती. निवेदक सोफ्यावर वहिनींशेजारी ताठ बसले होते. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना मनापासून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला.

मग ती बाई त्यांच्याकडे वळली.

"आणि हा आवाज ज्यांनी सगळ्यांत जास्त ऐकला, त्या या. सांगा ना, हाच का तुमच्या यजमानांचा आवाज? ओळखलात?"

साहेब बाजूला उभा राहून आशेनं बघत होता. पडद्याच्या फटीतून आवाजवाली मुलगी बघत होती.

"हो," वहिनी म्हणाल्या. "हाच. अगदी हाच. दुसरा कुठला असणार? अगदी यांचाच."

आणि हसल्या. डोळे भरून आले ते लोकांना आनंदानं वाटले. पुन्हा टाळ्या झाल्या. साहेबाचा जीव भांड्यात पडला.

निवेदक मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते बायकोकडे बघत होते. संसार केलेल्या माणसाला काही गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. या बाईला एखादी गोष्ट खरंच पटली, तर ती "हं, बरंय" म्हणून कामाला लागते. एका होकाराला तिनं इतके होकार जोडले, म्हणजे आतून ती मोडलीय, हे त्यांना लख्ख कळलं. मघाचा तिचा ओला गाल त्यांना आठवला. त्यांनी पाटी मांडीवर ओढली आणि एकेक बोट टाकत लिहायला लागले. सूत्रसंचालिका वेळ मारून न्यायला काहीबाही बोलत राहिली.

भोंगे घुमले.

"कृपया लक्ष द्या. माझी पत्नी खोटे बोलत आहे."

सगळं दालन खो खो हसलं.

"पुन्हा एकदा सांगतो. माझी पत्नी खोटे बोलत आहे."

लोक आणखी हसले. साहेबाला हसावं की धावावं कळेना. निवेदकांनी हात वर केला. तसं बघितलं तर हात वर करून गर्दी गप्प करायची त्यांना कधी वेळच आली नव्हती, ते काचेआड असायचे. पण लोक गप्प झाले. बोटं पुन्हा चालायला लागली. एक वाक्य झालं की ते बोलायचं, मग सगळे पुढच्या वाक्याची वाट बघायचे.

"घरी मी असा बोलत नव्हतो."

"घरी मी पुटपुटत होतो. ही रागावत असे. तरी हिला सर्व समजत असे."

"माझा तो आवाज आतमध्ये यंत्र शिकवणाऱ्या ताईंपाशी आहे. तो कचरा नाही. मघाशी मला लाज वाटली, म्हणून मी नाकारला."

"यंत्रात एकच आवाज ठेवायचा असेल, तर हा काढावा आणि तो घालावा."

आता कुणीही हसत नव्हतं. साहेब पुढे आला आणि खाली वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "अहो, पण मग काचेची खोली? तिथे तो आवाज कसा चालेल? नीट विचार करा." त्याचं बोलणं खरोखर काळजीचं होतं. निवेदकांनी वर बघितलं. वर, लांब, ती खोली दिसत होती, रिकामी खुर्ची आणि माइक. त्या खोलीसाठी हा माणूस किती झुरला होता ते वहिनींएवढं कुणाला ठाऊक? त्या पटकन म्हणाल्या, "अहो, नको. मला चालेल हाच. खरंच चालेल."

निवेदकांनी नुसती मान हलवली आणि टाइप केलं.

"काचेच्या खोलीत दुसरा माणूस बसेल. माझ्या घरी दुसरा माणूस बसू शकत नाही."

पुढच्या रांगेतल्या एका गंभीर बाईनं चष्मा काढला. पडद्याची फट मिटली, आवाजवाली मुलगी आपल्या संगणकाकडे धावली होती. साहेबानं कपाळाला हात लावला, पण तिला थांबवलं नाही. वहिनी मात्र खाली बघत होत्या. सगळ्या केंद्रासमोर असं काही त्यांच्याबद्दल कुणी बोलेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि बोलणारा माणूस तर जन्मात 'हं'च्या पुढे गेला नव्हता. त्यांना रडू येत होतं, हसू येत होतं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

आणि निवेदकांची बोटं अजून थांबलेली नव्हती.

"रोज दुपारी मी हिला फोन करत असे. काम काहीच नसे. हिचा आवाज ऐकल्याशिवाय मला जेवण जात नसे."

ते वाक्य भोंग्यांतून निघालं, दालनादालनांतून फिरलं, आणि बोलक्या आरशांच्या आणि बोलक्या फ्रीजच्या वरून जात पार मुख्य दारापर्यंत पोचलं. वहिनी झटकन पुढे झाल्या, नवऱ्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर त्यांनी तळहात दाबून धरला आणि रोजच्या घरच्या सुरात म्हणाल्या, "अहो, हळू बोला. लोक ऐकताहेत."